मोहाखालची आग

अमरावतीच्या स्टँडवर धारणीची एस.टी. कुठे लागते, असं मी एका कंडक्टरला विचारलं, तर तो म्हणाला, "लागली तं दिसनच ना बाई." सांगलीच्या माणसाला हे उत्तर भांडणासारखं वाटतं. पण पाच मिनिटांनी त्यानंच मला हाक मारली, पिशवी वर चढवली आणि खिडकीची जागा धरून दिली.

मी निघाले होते भाचीकडे. माझी थोरली बहीण लग्न होऊन अकोला जिल्ह्यातल्या तेल्हाऱ्याला गेली, त्याला तीस वर्षं झाली. तिची मुलगी सुषमा धारणी तालुक्यात वनरक्षक आहे. मी बँकेतून निवृत्त झाले आणि जंगल बघायची हौस उरकून घ्यायचं ठरवलं. ताई फोनवर म्हणाली, "आधी पोरीकडं जा, मंग इकडं ये. मले पोरगी सगळं ठीक हाय म्हणते. तू डोयानं पाहून सांग."

मार्च संपत आला होता. परतवाड्यानंतर घाट सुरू झाला आणि सागाची उघडी झाडं दिसू लागली. अर्ध्या घाटात इंजिन तापलं. ड्रायव्हरनं झाकण उघडून ठेवलं आणि प्रवाशांनी न सांगता आपापल्या बाटल्या पुढे केल्या. माझीही गेली. पुढच्या थांब्यावर मी पाण्याऐवजी रबडी खाल्ली आणि मग धारणीपर्यंत तहानेनं कासावीस झाले.

सुषमा मोटारसायकल घेऊन आली होती. खड्ड्यांच्या रस्त्यानं तासभर गेल्यावर तिचं दोन खोल्यांचं क्वार्टर आलं. पोरगी वाळली होती. पण भाकरी थापताना तिचं तोंड अखंड चालू होतं, तेव्हा मला बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी ती मला तिच्या हद्दीत घेऊन गेली. वाटेत सिमेंटची एक मोठी बशी लागली. जनावरांसाठी केलेला पाणवठा. तळाला पाला आणि एक मेलेला बेडूक.

"यात पाणी नाही घालत?"

"टँकरनं भरत होतो. औंदा डिझेलले मंजुरी नाही."

थोडं पुढे ती थांबली. "मावशी, तू आता जाळरेषेवर उभी हायेस."

जाळरेषा म्हणजे जंगलात मुद्दाम झाडून मोकळा ठेवलेला पट्टा, आग आली तर तिथं थांबावी म्हणून. मी त्यावर उभी होते आणि मला तो दिसत नव्हता. घोट्यापर्यंत वाळका पाला होता. उन्हाळ्यापुरते पहारेकरी ठेवतात, ते हे झाडतात आणि आगीवर नजर ठेवतात. गेल्या वर्षी तिच्याकडे सहा होते. या वर्षी वरून निधी कमी आला आणि यादीत दोनच नावं राहिली. 'तरतुदीत कपात' हे शब्द मी पेपरात कितीदा वाचले असतील. ते पायाखाली कसे वाजतात हे मला माहीत नव्हतं.

उरलेल्या चौघांचं काय झालं, असं मी विचारलं. त्यांतला एक वाटेतच भेटला. मोतीराम, पन्नाशीला आलेला कोरकू आदिवासी, अकरा उन्हाळे पहारा केलेला. तो मोहाच्या झाडाखालचा पाला खराट्यानं लोटत होता. पहाटे फुलं गळतात, ती स्वच्छ जमिनीवर नीट वेचता येतात.

"बाकीचे लोक पाला पेटवूनच देतात म्हणे?" मी विचारलं.

"पेटवला तं काम लवकर होते," तो म्हणाला. "पन आग आपलं आयकत नाही. मीच तं गावाले सांगत होतो, झाडून येचा म्हनून." त्यानं मला एक फूल दिलं. गोड लागलं, आणि मागून थोडं कडवट. बायको तापानं पडली होती, म्हणून तो एकटाच होता. बारा झाडं करायची होती.

तिसऱ्या दिवशी दुपारी आम्ही जेवत असताना सुषमा ताटावरून उठली. मला काहीच दिसलं नव्हतं, तिला वास आला होता.

टेकडीच्या कुशीतून धूर चढत होता. तिचे दोघे पहारेकरी आले. पाला उडवायचं यंत्र होतं, त्यात पेट्रोल नव्हतं. त्यांनी पळसाच्या हिरव्या फांद्या तोडल्या आणि आगीला झोडपायला लागले. मला नाल्यातल्या डबक्यावरून पाणी आणायचं काम दिलं. दोन खेपांनंतर मी बादली अर्धीच भरायला लागले. कानात एकच आवाज होता, कोणीतरी वाळके पापड चुरावेत तसा.

तेवढ्यात धुरातूनच मोतीराम पळत आला. भुवया जळलेल्या. "मॅडम, इथं नका मारू! वारा आता नाल्याकडून फिरते. वरच्या पट्ट्यावर चला!"

सुषमानं क्षणभर त्याच्याकडे पाहिलं आणि सगळ्यांना वर नेलं. गावातून बायका-पुरुष आले, वीसेक असतील. सगळ्यांनी मिळून बुजलेली जाळरेषा झाडली आणि मोतीरामनं तिच्या कडेनं उलटी आग लावली, म्हणजे येणाऱ्या आगीला पुढचा पाला आधीच जळालेला मिळावा. खरंच वारा फिरला. दोन्ही आगी समोरासमोर आल्या आणि जळायला काही न उरल्यामुळे बसल्या. ऊन उतरेपर्यंत सगळं संपलं होतं. एक अख्खा उतार काळा पडला. चालताना मला गवतातलं एक घरटं दिसलं, अंडी भाजून तडकलेली.

सगळे पाणी पीत बसले होते. मोतीराम उभाच होता.

"मॅडम, आग मीच लावली. एकट्यानं झाडनं होत नव्हतं. सात झाडं झाडली, आठव्याखाली काडी वढली. लिहा माह्यं नाव."

सुषमाचे डोळे धुरानं लाल होतेच. ती एवढंच म्हणाली, "उद्या सकाळी या दादा."

संध्याकाळी ती अहवाल घेऊन बसली. मी म्हटलं, "कारण अज्ञात असं लिहिलं तर?"

"गुन्ह्यात नाव आलं तं त्याले पुन्हा पहाऱ्यावर घेता येत नाही, माहीत हाय मले. त्यालेही माहीत हाय. तरी त्यानं सांगितलं. आता मी खोटं लिहू?"

तिनं नाव लिहिलं. खाली आणखी एक ओळ लिहिली : यंदा पहारेकरी कमी असल्यानं जाळरेषा झाडता आली नाही. रात्रीच अहवाल मोबाइलवर पाठवला. सकाळी तिच्या साहेबांचा फोन आला, ती ओळ काढून टाक म्हणून. "जाळरेषा झाडली असती तं ओळ काढली असती सर," ती म्हणाली आणि फोन ठेवून चुलीवर चहा टाकला. मोतीराम आला, त्यानं जबाब दिला, अंगठा नाही, नीट सही केली.

मी जीपनं अकोटला उतरले आणि तिथून तेल्हाऱ्याला गेले. ताईनं भरीत-भाकरी वाढली आणि समोर बसली. मी सगळं सांगितलं. भाऊजी जेवायचे थांबले. "बराबर केलं पोरीनं," म्हणाले. ताई म्हणाली, "अन् त्या मानसाचं काय?" जेवण झाल्यावर भाऊजी मला मळ्यात घेऊन गेले. त्यांची वांगी वान नदीच्या पाण्यावर आहेत. पाटात ते पाणी खळखळत होतं, आणि नदी त्याच डोंगरांतून येते. मी तीस वर्षं या घरी येते आहे, पण पाणी कुठून येतं असं कधी विचारलं नव्हतं.

सांगलीला परतून महिना झाला. खर्चाला कात्री लागली की काय कमी होतं, ते मी नोकरीभर आकड्यांत बघितलं. या वेळी एक माणूस कमी झालेला पाहिला, आणि तो चांगला माणूस होता. परवा सुषमाचा फोन आला. मोतीरामला तंबी देऊन सोडलं. पहारेकऱ्यांच्या यादीत नाव नाही, म्हणून तो परतवाड्याकडे रस्त्याच्या कामावर गेला.

"मग तुझी टेकडी?"

"दुपारी मीच जाऊन बसते," ती म्हणाली. "जायच्या आधी दोन दिवस आला होता तो, मावशी. कोनत्या वेळेले वारा कुठून फिरते, थे सगळं दाखवून गेला."