घोडा नसलेला स्वार

आधीच सांगते, भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नाही. जर्मनीत एर्लांगेनला मेडिकल स्कॅनर्सचं सॉफ्टवेअर तपासणं हे माझं काम... जे दिसत नाही, ते 'आहे' म्हणायची सवयच नाही.

गेल्या ऑक्टोबरमधली रविवारची दुपार. लख्ख ऊन. झिर्नडॉर्फच्या जंगलालगत एका तबेल्यात माझी मुलगी ईरा रायडिंग शिकते. नऊ वर्षांची आहे. मराठी कळतं, उत्तर जर्मनमध्ये येतं; आईलाही जर्मन पद्धतीने 'मामा' म्हणते. ती मोर्ले नावाच्या पोनीवर, लगाम माझ्या हातात, जंगलातून आम्ही दोघीच चाललो होतो. अचानक मोर्ले वाटेच्या कडेला सरकली आणि थांबली. कान ताठ... कोणाला तरी वाट द्यावी तशी.

"चल गं!" मी लगाम ओढला. हलेचना.

"मामा, वार्टे! थांब!" ईरा कुजबुजली. "ते काका थांब म्हणतायत."

"कोण काका?"

कोणीच नव्हतं. पाचोळ्यावर पावलं मात्र वाजत होती — बऱ्याच जणांची, दमलेली, फरफटणारी. तेवढ्यात समोर काडकन आवाज झाला आणि बीचच्या झाडाची भलीमोठी फांदी वाटेवर कोसळली. चालत राहिलो असतो तर नेमक्या तिच्याखाली...

घरी नवऱ्याने ईराला विचारलं, "काका नक्की काय म्हणाले?"

"बाइड अ वी, लॅस," ती म्हणाली. "त्यांच्या खांद्यावर खोगीर होतं. घोडा नव्हता."

ऑफिसातल्या एडिनबराच्या सहकाऱ्याला ते शब्द म्हणून दाखवले. तो चमकलाच. "हे तर आमच्या स्कॉटलंडातलं! 'जरा थांब गं, पोरी.'"

मग मात्र मला राहवेना. स्थानिक म्युझियममधल्या बाईंना गाठलं, खोगीरवाल्या स्कॉटिश काकांबद्दल विचारलं. "या, गेनाऊ... हो, अगदी बरोबर," त्या म्हणाल्या. "सतराव्या शतकातल्या तीस वर्षांच्या युद्धात स्वीडिश सैन्य इथे होतं. त्यात स्कॉटिश घोडदळही. वैरण संपली, घोडे भुकेने मेले... कित्येक स्वार पायीच निघाले."

यातलं ईराला कोणी सांगितलेलं नाही, मी खात्री केली. फांदी कुजलेली असेल, मान्य. पोनीला चाहूल लागली असेल, तेही मान्य. पण ते शब्द? ते खोगीर? अजून काहीच उलगडलेलं नाही. तुमच्यापैकी कोणाला सुचलं तर जरूर सांगा.

परवा ईराला विचारलं, "तुला भीती नाही वाटली?"

"नाइन, नाही," ती म्हणाली. "ते माझ्याकडे बघतच नव्हते, मामा. सगळा वेळ मोर्लेची मान थोपटत होते."