सुभाषच्या पंच्याहत्तरीला मी माइक घेतला

मंडळी, आज इथं अमेरिकेत, एडिसन गावात माझ्या जुन्या मित्राच्या, सुभाषच्या पंच्याहत्तरीचा कार्यक्रम होता.

शहाऐंशी साली मला ना नोकरी होती, ना घर. माझ्या खटारा गाडीतच झोपायचो आणि सुभाषला अटलांटिक सिटीला जुगार खेळायला न्यायचो. ऐन हिवाळ्यात त्यानं पत्त्यांच्या डावात माझी गाडीच पणाला लावली, हरला आणि मला न सांगता पसार झाला.

आज स्टेजवरून म्हणतो, "या भटक्याला तेव्हा मीच आसरा दिला!"

मी माइक घेतला आणि सगळं सांगितलं.

त्याच्या नातीनं विचारलं, "आजोबा, इज दॅट ट्रू?" त्यानं मान खाली घातली.

चाळीस वर्षं याचीच वाट पाहत होतो. मला अजिबात पश्चात्ताप नाही. फक्त त्या पोरीचा चेहरा डोळ्यांसमोरून जात नाहीये. तुम्ही गप्प बसला असतात?