पेटीवर पेटी

गेल्या आठवड्यात दौलतगंजच्या गणपतीत आमच्या बँडचा पहिला कार्यक्रम होता. आणि ऐन वेळी पेटीच आली नाही... म्हणजे आली, पण भलतीच आली.

बँड म्हणजे तीनच डोकी. मी गाते आणि गिटार वाजवते, भदौरियाजी तबल्यावर, आणि पेटीवर आपटे काका. मी जयेंद्रगंजात विम्याच्या ऑफिसात, भदौरियाजी शाळेत फिजिक्स शिकवतात, काका रिटायर्ड. दर रविवारी काकांच्या थाटीपूरच्या घरी जमायचं, वाजवायचं आणि काकूंच्या हातचे पोहे खायचे, एवढाच आमचा कारभार.

मागच्या वर्षी काकांना अर्धांगाचा हलका झटका आला. उजवा हात वाचला, पण डाव्यात जोर राहिला नाही... आणि पेटीचा भाता तर डाव्या हातानेच हलवायचा असतो. काकांच्या जुन्या पेटीचा भाता अगदी मऊ, म्हणून तेवढी एक पेटी ते हळूहळू वाजवायला लागले होते.

या कार्यक्रमासाठी त्यांनी किती घाम गाळला ते मी पाहिलंय. एकदा मला म्हणाले, "हे जमलं तर ठीक. नाहीतर पेटी नातवाला देऊन टाकतो, झाली तेवढी हौस पुरे." हसत म्हणाले, पण मला काही हसू आलं नाही.

तर त्या दिवशी काका-काकूंना घेऊन मी लवकरच हॉलवर पोचले. सामान भदौरियाजी गाडीतून आणणार होते. काकांच्या घराची किल्ली शेजाऱ्यांकडे ठेवली होती. काकांनी त्यांना फोन करून सांगितलं, "पलंग के नीचे पेटी रखी है, बस वो उठा लाइए."

घोटाळा इथेच झाला. एरवी आम्ही भदौरियाजींशी बोलताना आठवणीने हार्मोनियम म्हणतो. काका घाईत आपला मराठी शब्द हिंदीत घालून मोकळे झाले... आणि भदौरियाजी पडले भिंडचे. त्यांच्याकडे पेटी म्हणजे ट्रंक!

घामाघूम होऊन त्यांनी ती लोखंडी ट्रंक स्टेजवर आणून ठेवली. उघडली तर आत काकूंच्या रजया, वर डांबराच्या गोळ्या. "मुझे लगा परदे-वरदे होंगे," बिचारे म्हणाले, "हार्मोनियम तो आप लोग ले ही आए होंगे ना?" काकू एवढ्या हसल्या की त्यांना खाली बसावं लागलं.

काका मात्र हसले नाहीत. परत थाटीपूरला जाऊन यायचं तर वाटेत बाड्याच्या चौकात हा जाम, आणि आमच्या आधीचं लहान मुलांचं नाटक संपत आलं होतं. शेवटी मंडळाच्या सेक्रेटरींनी माइकवरूनच विचारलं, कुणाकडे पेटी आहे का? पुढे घाईघाईने जोडलं, "बाजे की पेटी, भाई, बाजे की!"

हॉलजवळच्याच दाना ओलीत राहणाऱ्या साळुंके काकू पहिल्या रांगेतून उठल्या. थोड्या वेळात त्या आणि त्यांची सून, दोघी दोन बाजूंनी धरून पेटी घेऊन हजर. "सासऱ्यांची आहे. आता दसऱ्याला पूजेपुरतीच निघते हो," म्हणाल्या, "वाजवा बिनधास्त."

काकांना खाली बसता येत नाही. म्हणून त्यांना खुर्ची दिली, समोर ती ट्रंक सरकवली आणि तिच्यावर पेटी ठेवली. उंची अशी बरोबर जमली की जणू मोजून आणली होती. पेटीचा सूर माझ्या गिटारला लागेना, तर मी गिटारच तिच्याशी मिळवून घेतली... पेटीला काही कान नसतात पिळायला.

पण भाता! इतकी वर्षं न हलवलेला, घट्ट. काकांनी दोनदा जोर लावला, तिसऱ्यांदा हात आपोआप मांडीवर आला. "राहू दे गं," मला म्हणाले, "तुम्ही दोघं करून घ्या."

 

भदौरियाजींनी तबला बाजूला सारला. स्टूल ओढून ते पेटीच्या पलीकडे काकांच्या समोर बसले आणि भाता हातात घेतला. "गड़बड़ मैंने की है, तो हवा भी मैं ही भरूँगा. आप बस बजाइए."

तबलजीच ते... सुरुवातीला भातासुद्धा ठेक्यात मारायला लागले! सूर आपला गचके खात निघतोय. काका पुटपुटले, "भदौरियाजी, ताल मत दो यार, साँस दो." त्यानंतर मात्र असं जमलं की काय सांगू. ते काकांच्या चेहऱ्याकडे बघत भाता हलवत होते आणि काकांची बोटं अगदी पूर्वीसारखी पळत होती. मी दोनदा शब्द विसरले, कारण डोळे भरून आले होते.

शेवटच्या भजनात काकांनी डावा हात उचलला आणि भात्यावरच्या भदौरियाजींच्या हातावर ठेवला. मग दोघांनी मिळून हवा भरली.

घरी निघताना काकांनी मला हळूच सांगितलं, "नातवाला आपण दुसरी घेऊ." मी ऑटोत बसून मनसोक्त रडले.

साळुंके काकू, पेटीबद्दल मनापासून आभार. या रविवारी तुमच्याकडे येऊन तिचा भाता सैल करून देतो. पोहे मात्र लागतील.

आणि भदौरियाजी... तुमच्या मिसेस खास तुम्हाला तबल्यावर बघायला आल्या होत्या. त्यांनी पूर्ण प्रोग्राम शूट केला. काकांच्या समोर बसायचं म्हणजे लोकांकडे पाठ करावी लागणार, हे तुम्हाला स्टूल ओढतानाच कळलं असणार. तरी तुम्ही बसलात.

व्हिडिओ खाली टाकलाय. त्यात सुरुवातीपासून शेवटपर्यंत जी पाठ दिसते ना, ती आमच्या तबलजींची आहे.