मेंढ्यांना वाढलेला नैवेद्य

ज्ञानदा देशकर दुधात पाणी घालते, असं आमच्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, या भादव्यात बोललं गेलं. बोलणाऱ्यांतल्या बहुतेकांना मी ओळखते, काहींना तर मीच पाढे शिकवले आहेत. म्हणून जे झालं ते सरळ सांगते, कारण त्याची अजूनही चीड येते.

ज्ञानदा रायपूरच्या पुरानी बस्तीच्या मागच्या टोकाला राहते. वडील रेल्वेत होते, मूळचे वाशीमकडचे. त्यांच्याबरोबर नोकरीत असलेले एक धनगर गृहस्थ निवृत्त होऊन गावी परतले, तेव्हा जाताना दोन मेंढ्या हिच्या अंगणात बांधून गेले. म्हणाले, "पोरी, बापाले हे दूध दे, म्हशीचं पचत नाही त्याले." वडील गेले, मेंढ्या राहिल्या, वाढल्या. ज्ञानदाने लग्न केलं नाही. का नाही केलं, हे विचारणाऱ्याला ती चारा उचलायला लावते.

ती माझ्या वर्गात होती. पेपरात चुकून एक गुण जास्त पडला तर परत करायला यायची, आणि तेही रागावून, जणू मी तिला फसवायला निघाले होते. आजही बोलताना ती समोरच्याच्या चपलांकडे बघते, पण शब्द पक्का असतो. अशा मुलीला पाणीवाली म्हणायचं!

मेंढी दूध देते थोडंच, पण दाट. ज्ञानदाचं दही असं लागायचं की वाटी उलटी केली तरी जागचं हलायचं नाही. गोल बाजारातले मिठाईवाले हिरालाल ते मातीच्या कुल्हडांतून विकत. "भेड़ का दही, पूरे रायपुर में एक जगह," असं गिऱ्हाइकाला सांगताना त्यांची छाती फुगायची.

या भादव्यात महालक्ष्म्या आल्या. आमच्या विदर्भातून आलेल्या घरांत ज्येष्ठा-कनिष्ठा बसतात, तेव्हा स्वयंपाक किती होतो ते ज्यांनी रांधलं त्यांनाच ठाऊक. पुरणपोळ्या, वडे, भजी, करंज्या, अनारसे, सोळा भाज्या, आंबील. आणि आमच्याकडची रीत अशी की हा प्रसाद उंबऱ्याबाहेर कोणाच्या घरी द्यायचा नाही. कचऱ्यात तर टाकायचाच नाही. उरलेलं गाईला घालायचं. पण मोकळ्या गाई आता गल्लीत दिसत नाहीत. मग साऱ्या पाऱ्याला एकदम आठवण झाली ती ज्ञानदाच्या मेंढ्यांची.

बायका टोपल्या घेऊन आल्या. सगळ्यात मोठी टोपली नानांच्या घरची. नाना म्हणजे सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले, पाऱ्याच्या मंडळाचे अध्यक्ष, आणि पाऱ्याच्या व्हॉट्सॅप ग्रुपचे मालक असल्यासारखे. टोपलीबरोबर त्यांनी तळणाचं उरलेलं तेलही डबा भरून आणलं.

"फेकू नको हे. भुशात कालव," ते म्हणाले. "मेंढराले तेल दे, दुधात मलई चढते. गावाकडे सगळे करतात."

ज्ञानदाला ते पटलं. हे मी लपवत नाही, कारण तीही लपवत नाही. "मलेही वाटलं मॅडम," ती मला नंतर म्हणाली, "तूप खाईल तर तूपच देईन. आणि देवीचं होतं. नाही कसं म्हणू?" भूस, वडे, पोळ्या आणि वरून कढईचं तेल, असं तिने दोन्ही वेळा घातलं. मेंढ्यांनी आवडीने खाल्लं.

मग त्यांनी पैरा सोडला. पैरा म्हणजे भाताचा पेंढा, इकडच्या जनावरांचं रोजचं जेवण. मेंढ्या त्याला तोंड लावून बाजूला होत. रवंथ मंदावला, लेंड्या पातळ झाल्या, आणि दही लागेनासं झालं.

हिरालाल यांच्या दुकानात मी उभी होते, माझ्यासमोर झालं ते. त्यांनी कुल्हडात चमचा घातला, वर पाणी आलं.

"दीदी, ये क्या है?"

"दुधात पाणी नाही घातलं, भैया."

"अच्छा? तो फिर भेड़ ने मिलाया होगा!"

दुकानातली माणसं हसली. एक बाई पिशवी काखेत घेऊन खुशाल हसली, ती तर ज्ञानदाकडून नातवासाठी दूध नेते. ज्ञानदा कुल्हडं टोपलीत परत भरत होती. एकही फुटू दिलं नाही तिने. तिचे कान लाल झाले होते.

संध्याकाळी ग्रुपवर नानांचा मजकूर आला: "पाऱ्यातील दूध घेणाऱ्यांनी सावध राहावे. काही लोक विश्वासाचा गैरफायदा घेऊन राहिले." नाव नव्हतं. पाऱ्यात दूध विकणारी दुसरी आहे कोण? खाली अंगठ्यांची, हात जोडल्याची चित्रं पडत गेली. ज्याच्या घरचं तेल त्या मेंढ्यांच्या पोटात होतं, तोच माणूस सावधगिरीची सूचना देत होता, आणि त्या तेलानेच हे झालं, हे त्याला ठाऊकही नव्हतं. की जाणून घ्यायचंच नव्हतं?

ज्ञानदाने जनावरांच्या डॉक्टर पूर्णिमाला बोलावलं. पूर्णिमाचं घर मराठी, पण तिची मराठी अर्ध्या वाटेत हिंदीत शिरते. भुशाच्या घमेल्याजवळ वाकली आणि नाक धरून मागे सरली.

"अगं, कचोरीच्या दुकानासारखी बास काहून येऊन राहिली? काय घातलं यात?"

ज्ञानदाने सांगितलं. पूर्णिमाने कपाळाला हात लावला.

मग तिने आम्हाला अंगणातच बसवून समजावलं. मेंढीच्या पोटातला पहिला मोठा कप्पा म्हणजे आंबवणाची कोठी. पेंढा मेंढी एकटी पचवत नाही. त्या कोठीत डोळ्यांना न दिसणारे असंख्य जीव असतात, ते पेंढा फोडतात. तेल फार झालं की ते पेंढ्याला चिकटतं, या जिवांना त्यावर पकड मिळत नाही, आणि पुष्कळसे तर तेलानेच मरतात. वरून मैदा आणि पुरण, म्हणजे कोठी आंबट.

"और सुनो," ती म्हणाली, "हेच जीव पुढे मेंढीचं खाणं होतात. त्यांच्यातूनच तिले प्रथिन मिळते. ते कमी, तर दुधातलं दही बांधणारं प्रथिनही कमी. दूध दिसायला मलईचं दिसेल, पण दही खडं नाही राहणार. पाणी सुटेल."

"म्हणजे तेल द्यायचंच नाही?" मी विचारलं.

"थोडं चालते, मोजून. कढई नाही चालत."

त्या दिवसापासून टोपल्या बंद झाल्या. कोरडा पैरा, हिरवा चारा, पूर्णिमाने दिलेली पुडी. एक म्हातारी मेंढी कोपऱ्यात मान टाकून बसली होती. ज्ञानदा तिच्याजवळ बसून जबडा हलतो का बघत राहायची. हलला, तेव्हा तिने मला फोन केला आणि तो सरळ मेंढीच्या तोंडाजवळ धरला.

मग ती नानांकडे गेली. मला बरोबर नेलं.

"नाना, डॉक्टर पाहून गेली. पाणी नव्हतं. तेलानं झालं."

नाना झोपाळ्यावर होते. "देवीच्या प्रसादानं कोणाचं वाईट होते का पोरी?"

"मी प्रसादाले नाव नाही ठेवून राहिली. तुम्ही मले ठेवलं."

"मी नाव घेतलं का तुझं कुठं?"

"नका घेऊ. पण जिथं लिहिलं, तिथंच लिहा की पाणी नव्हतं."

नानांनी खिशातून मोबाइल काढला, चष्मा कपाळावर चढवला, आणि आपला मजकूर काढून टाकला. "घे. झालं तुझं समाधान?"

झालं नव्हतं. कसं होईल? वाचलेलं कोणाच्या डोक्यातून पुसलं जात नाही, आणि पुसणं म्हणजे चूक कबूल करणंही नाही. इतक्या वर्षांत मी वर्गात हे किती पोरांना सांगितलं असेल. नानांना सांगायला गेले तर ते म्हणाले, "मॅडम, तुम्ही चहा घ्या."

पितृपक्ष लागला. नाना स्वतः पान घेऊन ज्ञानदाच्या फाटकाशी आले. वडे, खीर, तुपाने माखलेला भात. ज्ञानदाने फाटक उघडलं नाही.

"पितरांचं पान परत पाठवते?" नाना गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाले.

"पितरांचं पान गाईले असते, कावळ्याले असते," ती म्हणाली. "मेंढीले कोणत्या पोथीत सांगितलं, नाना?"

खिडकीत कोणीतरी फिसकन हसलं. नाना पान घेऊन परतले, आणि दुसऱ्या दिवशी पाऱ्यात नवी बातमी: ज्ञानदाला गर्व चढला, प्रसादाला नाही म्हणते. तेल घेतलं तर लबाड, नाकारलं तर गर्विष्ठ. या बाईने करायचं तरी काय?

दही हळूहळू सुधारलं. नवरात्राच्या आधी हिरालाल स्कूटरवरून तिच्या दारी आले.

"दीदी, चालू करो ना. ग्राहक पूछ रहे हैं."

"ग्राहकांसमोर म्हटलं होतं तुम्ही, भैया. ग्राहकांसमोरच सांगा."

हिरालाल डोकं खाजवत हसले. पण माणूस खुल्या मनाचा. दुकान भरलेलं असताना ते ओरडून म्हणाले, "भाई, दीदी के दूध में पानी नहीं था. गलती मेरी थी!" आणि पहिलं कुल्हड त्यांनी त्याच बाईच्या हातात दिलं, जी खुशाल हसली होती.

राहिला तो ग्रुप. तिथे सकाळची फुलं, देवांची चित्रं, लग्नाच्या पत्रिका येत राहिल्या. नानाही फुलंच टाकत होते. आणि मग एका दुपारी नानांच्या फोनवरून मजकूर आला: "ज्ञानदाच्या दुधात पाणी कधीच नव्हतं. आमच्या घरच्या तळणाचं तेल होतं. ते आम्हीच नेऊन दिलं होतं. इंदू."

इंदूताई, नानांच्या पत्नी. उभ्या आयुष्यात त्यांनी ग्रुपवर एक अक्षर लिहिलेलं नव्हतं. संध्याकाळी त्या स्टीलची वाटी घेऊन फाटकाशी आल्या. मी तिथेच होते.

"नानांनी लिहायला सांगितलं का?" ज्ञानदाने विचारलं.

"ते झोपले होते," इंदूताई म्हणाल्या. "उठल्यावर काय म्हणतात ते म्हणोत. दही आहे का?"

ज्ञानदाने फाटक उघडलं आणि त्यांना आत घेतलं.