ऊर्जानगरातलं 'काऊन'

इटलीच्या कादंबऱ्या मी आयुष्यभर भाषांतरांतून वाचल्या आणि आता वैतागलो आहे. जुनी घ्या नाहीतर कालपरवाची, तो फॅसिझम फिरून फिरून येतोच. दर वेळी गणवेश घालून येतो असंही नाही. कधी घरातल्या बापाच्या आवाजात येतो, कधी गावाला शिस्त लावणाऱ्या भल्या माणसाच्या रूपात. आणि लोकांना हायसं वाटतं.

हेच मी ऊर्जानगरात, वीज केंद्राच्या वसाहतीत, आमच्या रविवारच्या वाचनात सांगत होतो. आम्ही काही निवृत्त माणसं कोणाच्या तरी क्वार्टरमध्ये चटईवर बसायचो. अध्यक्षबिध्यक्ष नाही. नियम एकच: पटलं नाही की 'काऊन?', म्हणजे आपलं 'का?', म्हणायचं, आणि वाचणाऱ्यानं थांबून उत्तर द्यायचं. सगळ्यात जास्त काऊन अहेरीच्या एका निवृत्त शिक्षिकाबाईंचे. एक पान संपता संपायचं नाही. जीव मेटाकुटीला यायचा, पण त्या वाचनात जीव होता तो त्यांच्यामुळेच.

तेव्हा अशीच एक इटालियन कादंबरी वाचायला घेतली होती. ती सगळ्यांना आवडली. "बरोबर आहे सर, लोकं मेंढरावानीच जातेत," म्हणाले.

मग एक निवृत्त साहेब यायला लागले. सज्जन माणूस. त्यांनी खुर्च्या आणल्या, वेळ ठरवली, आणि एका रविवारी हात जोडून म्हणाले, "बाई, प्रश्न शेवटी. तेही मले वाटलं तर."

सगळ्यांनी माना डोलावल्या. मी म्हटलं, "अरे, हेच तर आपण वाचून राह्यलो ना?"

"सर, पुस्तकातलं पुस्तकात राहू द्या," एक जण हसून म्हणाला. बाई चपला घालून निघून गेल्या.

पुढच्या रविवारी वाचायलाही साहेबच बसले. अख्खं प्रकरण झटक्यात झालं. चहा पिताना जो तो म्हणत होता, आज कसं शांततेत झालं. मी थकलोय हो. भांडायचंही त्राण उरलं नाही.

संध्याकाळी बाईंकडे गेलो. त्या तुरीच्या शेंगा सोलत होत्या.

"झालं वाचन?"

"झालं."

"कोणीच काऊन म्हटलं नाई?"

"मी म्हटलं. शेवटी सांगतो म्हणाले, अन् चहा आला."

बाईंनी सूप बाजूला सारलं, चटई झटकून अंथरली.

"बसा सर. पयल्या पानापासून वाचा. आपल्यात कोणालेच समजलं नाई ते."