कड्यावरच्या पायऱ्या

लिहावं इतकं मी वाचलेलं नाही, त्याबद्दल आधीच माफी मागतो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच.

आमच्या गावच्या समुद्रावर वर्गाची सहल आली होती. कड्यावरून वाळूत उतरणाऱ्या जांभ्या दगडाच्या पायऱ्यांवर एक मैत्रीण थबकली. "किती सुबक! कोणी बांधल्या रे, गाववाले?"

माझ्या बाबांनी. पण मी म्हणालो, "असेल कुणी गवंडी."

खाली वाळूतली आमची पावलं लाटा पुसून नेत होत्या. माझं ते वाक्य तेवढं पुसलं जाईना. परतताना पायऱ्या फार उंच वाटल्या.

घरी आईनं विचारलं, "पाय नाही ना घसरला कुणाचा? बाबा सकाळीच जाऊन सगळं शेवाळं खरवडून आले, तुझे मित्र येणार म्हणून."