सफूराभाभींकडची पाल

सफूराभाभींच्या घरातून उपाशी गेलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही. एसी दुरुस्त करायला आलेलाही चार घावने खाऊनच सुटतो. ओमानमधल्या इब्राच्या बाजारात त्यांच्या नवऱ्याचं, हारूनभाईंचं, गाड्यांच्या स्पेअर पार्ट्सचं दुकान. मूळ गाव रत्नागिरीकडचं. मी मस्कतहून इब्राच्या डोंगरात पाली शोधायला जायची, ती त्यांच्याकडेच उतरायची. माझं काम ऐकून बायका दोन पावलं मागे सरतात. भाभींनी फक्त विचारलं, "आनि जेवनात काय खाता?"

मी शोधत होते ती पाल भर उन्हात फिरणारी, बोटाएवढी. नराच्या शेपटीवर कंगव्यासारखे दाते असतात. ते शेजारच्या जातींपेक्षा वेगळे, म्हणून ही जात नवी, असं माझं म्हणणं. पण ते दाखवायला नर हवा, आणि मिळत होत्या माद्याच. पाली पकडायचा परवाना संपायच्या दिवशी सकाळी एक नर सापडला. तो गेला असता तर तीन वर्षांचं काम पाण्यात.

कागदांवर शिक्का आणायला कचेरीत जाणं भाग होतं, आणि गाडीत पाल उकडून मेली असती. म्हणून कापडी पिशवीला गाठ मारून ती भाभींच्या हॉलमध्ये ठेवली आणि बजावलं, हात लावू नका.

पण घरी आलेल्याला उपाशी ठेवणं भाभींना जमणार कसं? त्यांनी गाठ सोडून चिमूटभर भात आत टाकला. पाल सटकली. भाभींनी झडप घातली, आणि शेपटी तेवढी हातात राहिली.

मी परतले तेव्हा बाहेर जूनचं ऊन भाजत होतं आणि आत भाभी दोन गोधड्या पांघरून दारापाशी कुडकुडत बसल्या होत्या. दाराच्या फटीत टॉवेल कोंबलेले, एसी सोळावर. गारठ्यात पाली सुस्तावतात, हे त्यांनी घरातच पाहिलेलं.

"सोफ्याच्या पाठी हाय. मी जागची हललंच नाय," एवढं बोलून त्या रडायला लागल्या. शेपटी वेलचीच्या डबीत घालून फ्रिजमध्ये ठेवली होती.

माझा पारा चढायला एरवी काडीचंही निमित्त पुरतं. त्या दिवशी चढलाच नाही. गारठलेली पाल अलगद हातात आली. शेपटीचे दाते शाबूत होते. पाल नमुना म्हणून स्पिरिटमध्ये जपताना तुटलेली शेपटी धडासोबत एकाच बाटलीत ठेवली तरी चालतं. भाभींनी तास न् तास थंडी सोसली नसती, तर बाटलीत ठेवायला काहीच उरलं नसतं. हे उपकार माझ्याच्यानं फिटायचे नाहीत.

नव्या जातीला आपलंच नाव द्यायचं नाही, असा आमच्यात शिरस्ता आहे. मला तर भाभींखेरीज दुसरं नाव सुचलंही नाही. यंदा शोधनिबंध छापून आला आणि ती पाल लॅटिन वळणानं 'सफूराए' झाली.

पेढे आणि छापील पान घेऊन मी इब्राला गेले. हारूनभाई खूश. "यल्ला, चला, दुकानाची पाटी पन बदलू आता!"

भाभी फोटोवरून बोट फिरवत राहिल्या. मग मला घावने वाढता वाढता म्हणाल्या, "खाते काय, ता लिवलंत?"

"लिहिलंय ना. मुंग्या. त्याही जिवंत."

"भात नाय खात?"

"नाही हो."

त्यांचा चेहरा पडला. "म्हनजे माझ्या घरातून ती उपाशीच गेली."

मी ताट पुढे केलं आणि आणखी एक घावना वाढून घेतला.